काकु, आकांक्षा आणि प्रश्नचिन्ह

विरामचिन्हांचा विचार आपल्याकडे बहुधा शालेय व्याकरणाच्या शेवटच्या प्रकरणात उरकला जातो. चिन्हे कोणती, त्यांची नावे काय आणि ती कोठे घालावीत, एवढे सांगितले की व्याकरणकाराचे काम संपते. ती चुकल्यामुळे किंवा गळल्यामुळे होणाऱ्या घोटाळ्यांचे किस्से मात्र सर्वांच्या तोंडी असतात. वर्गात ते सांगितले जातात, हशा पिकतो, आणि पुढचा तास सुरू होतो. वस्तुतः हसे नेमके कोठे होते, ह्यावरून भाषेचा कोणता सांधा सैल आहे हे कळू शकते. प्रस्तुत लेखात प्रश्नवाक्य आणि प्रश्नचिन्ह ह्यांच्याभोवती होणाऱ्या विनोदी गैरसमजांचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील काकुविचाराचा आधार घ्यावयाचा आहे. मराठीतील हे गैरसमज चिन्ह गळल्यामुळे होतात हे खरे. परंतु त्याहूनही अधिक ते एकाच चिन्हावर तीन भिन्न कामे लादल्यामुळे होतात, असे माझे म्हणणे आहे. दैनंदिन व्यवहारात ही हसण्याची बाब असेल. जुन्या ग्रंथांच्या संपादनात ती तशी राहत नाही.

प्रथम एका प्रसिद्ध किश्श्याचा निकाल लावणे इष्ट. रशियन भाषेत 'काझ्नीत् नेल्झ्या पमीलवात्' असे तीन शब्दांचे एक वाक्य सांगतात. शब्दशः अर्थ 'देहान्त शिक्षा देणे – न व्हावे – क्षमा करणे' असा. स्वल्पविराम पहिल्या शब्दानंतर घातला तर मनुष्य मरतो, दुसऱ्यानंतर घातला तर वाचतो. निरनिराळ्या राज्यकर्त्यांच्या नावावर ही गोष्ट खपविली जाते. हिंदीत तिचे भावंड आहे: 'रोको मत जाने दो'. 'रोको, मत जाने दो' म्हटले की अडवायचे, 'रोको मत, जाने दो' म्हटले की सोडायचे. मराठी शिक्षक हेच उदाहरण हिंदीतून उसने घेऊन सांगतात, आणि त्याचे मराठी भाषांतर करून दाखवा असे कोणी म्हटले म्हणजे त्यांची पंचाईत होते. 'अडवू नका जाऊ द्या' ह्या वाक्यात स्वल्पविराम कोठेही घाला वा मुळीच घालू नका, अर्थ एकच. कारण उघड आहे. हिंदीत 'रोको' हे रूप होकारात आणि नकारात सारखेच राहते, व 'मत' हा शब्द मागच्या क्रियापदाशी जोडावा की पुढच्या, हे विरामावर अवलंबून राहते. मराठीत होकारार्थी आज्ञा 'अडवा' अशी होते आणि 'नका'च्या सोबतीला क्रियापद 'अडवू' असे ऊकारान्त रूप घेऊन येते. नकाराचे नाते रूपातच नोंदलेले असते. ते दाखविण्यासाठी विरामाची गरज नाही. हट्टाने द्व्यर्थी वाक्य घडवावयाचेच तर 'अडवू नका जाऊ देऊ' असे घडविता येईल, कारण 'अडवू' व 'देऊ' ही प्रथमपुरुषी अनेकवचनी भविष्यकाळाचीही रूपे आहेत. 'अडवू, नका जाऊ देऊ' आणि 'अडवू नका, जाऊ देऊ' असे दोन अर्थ त्यातून निघतात खरे. परंतु अशा मराठीत कोणताही पहारेकरी बोलणार नाही.

मराठीने अर्थाचे ओझे विरामावर न टाकता अक्षरावर टाकले आहे. आपल्या इतिहासातील ह्या जातीची जी सर्वांत प्रसिद्ध कथा, ती स्वल्पविरामाची नसून अक्षराची आहे, हे ह्या दृष्टीने लक्षणीय वाटते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्या प्रसंगी 'धरावे' ह्या शब्दातील 'ध'चा 'मा' झाला अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न वेगळा. परंतु लोकांनी ती रचताना विरामाऐवजी अक्षर निवडले, ते भाषेच्या स्वभावाला धरूनच होय. मोडी पत्रांत आजच्या अर्थाने विरामचिन्हे नव्हती, शब्द तोडून लिहिण्याचीही सक्ती नव्हती, तरी शतकानुशतके राज्यकारभार चालला. क्रियापदाची रूपे आणि विभक्तिप्रत्यय हे काम करीत होते.

मग मराठीत विरामाचा घोटाळा कोठेच होत नाही काय? होतो, आणि तो जवळजवळ सगळा 'का' व 'काय' ह्या दोन चिमुकल्या शब्दांच्या घरी होतो.

'का' हा शब्द आपण तीन कामांना लावतो. 'तू येतोस का' ह्यात तो केवळ होय-नाहीचा प्रश्न उभा करतो. 'तू का येतोस' ह्यात तो कारण विचारतो. 'आज जातोस का उद्या' ह्यात तो विकल्प दाखवितो, म्हणजे 'की'चे काम करतो. स्थानावरून ही कामे ओळखावीत असा संकेत आहे, पण बोलणारा मनुष्य संकेत पाळून बोलत नाही. शब्द मागेपुढे करतो आणि उणीव स्वराने भरून काढतो. लिहिताना स्वर गळतो, शब्दक्रम तेवढा कागदावर उतरतो. 'चहा घेणार का कॉफी' असे विचारल्यावर 'हो' म्हणणारा पाहुणा थट्टेखोर असतो असे नाही. त्याने 'का' विकल्पाचा न धरता प्रश्नाचा धरला, एवढेच. 'उद्या येणार का नाही' ही खडसावणी असते. त्यावर उत्तर म्हणून आलेले 'येणार का नाही' हे 'येणार, का नाही?' अशा उत्साहाचे असू शकते, म्हणजे निश्चित होकार. कागदावर मात्र दोन माणसे एकमेकांना तेच वाक्य फेकून मारीत आहेत असे दिसते. जुन्या छापील मजकुरात 'कां' आणि 'का' अशी दोन रूपे आढळतात, पण अर्थानुसार त्यांची वाटणी सर्वत्र काटेकोरपणे केलेली दिसत नाही. पुढे तर अनुस्वारच गेला.

नकारार्थी प्रश्नाची गंमत निराळीच. 'तुम्ही जेवणार नाही का?' ह्याला 'नाही' असे एकशब्दी उत्तर आले तर यजमानाने पान मांडावे की आवरावे? 'नाही, जेवणार नाही' आणि 'नाही, जेवणार आहे' ही दोन्ही वाक्ये मराठीत सुखाने नांदतात.

आता चिन्हाकडे वळू. इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे मराठीत रूढ होण्याचे श्रेय बहुधा मेजर टॉमस कँडी ह्यांना दिले जाते. मोल्सवर्थ ह्यांच्या कोशकार्यातील हे सहकारी; त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० साली प्रसिद्ध झाली. ह्या घटनेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. मराठी गद्याला लांब वाक्य पेलता येऊ लागले ते बऱ्याच अंशी ह्या चिन्हांच्या आधाराने. तथापि स्वल्पविराम आणि अर्धविराम ह्यांनी आपल्याकडे नवे काम मिळविले, तसे प्रश्नचिन्हाचे झाले नाही. ज्या वाक्यात 'कोण', 'कोठे', 'केव्हा', 'का' असे प्रश्नार्थक शब्द आहेत त्या वाक्याला ते हजेरीपुरते उभे राहते. 'तो केव्हा आला' ह्यापुढे चिन्ह नसले तरी कोणी फसत नाही. फसगत होते ती 'जेवलास' अशा वाक्यात, जेथे प्रश्न केवळ स्वरात आहे. आणि तेथेच लिहिणारा चिन्ह घालण्यास विसरतो.

शिवाय ते येते वाक्य संपल्यावर. स्पॅनिश अकादमीने १७५४ साली उलटे प्रश्नचिन्ह वाक्याच्या आरंभी घालण्याचा नियम केला, तो वाचणाऱ्याला आधी सूचना मिळावी म्हणून. हिंदीचे आरंभीचे 'क्या' हे काम शब्दाने करते. मराठीचा 'का' मात्र शेवटी, आणि चिन्ह त्याच्याही शेवटी. मोठ्याने वाचणारा मनुष्य अर्धे वाक्य विधानाच्या सुरात म्हणून जातो आणि 'का' दिसताच गडबडीने स्वर चढवितो. सभेत अहवाल वाचताना हा प्रकार पुष्कळदा ऐकू येतो. आर्मेनियन लिपीची सोय ह्याहून सूक्ष्म आहे. तेथे प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी नसते. ज्या शब्दाविषयी प्रश्न आहे त्या शब्दाच्या स्वरावर ते बसते. 'काल तुम्ही पुण्याला गेला होता का?' ह्या प्रश्नाला साक्षीदार 'नाही' म्हणतो आणि खरेच बोलतो, कारण तो परवा गेला होता. विचारणाऱ्याचा भर पुण्यावर, ऐकणाऱ्याचा कालवर. आपल्या चिन्हाने हा भर दाखविता येत नाही. आर्मेनियन चिन्हाने आला असता.

ह्या सर्व उणिवा मान्य केल्या तरी मुख्य उणीव वेगळीच आहे, आणि तिचे निदान प्राचीनांनी फार पूर्वी करून ठेवले आहे. आवाजाच्या फेराने अर्थ पालटतो, त्या फेराला संस्कृत साहित्यशास्त्रात 'काकु' म्हणतात. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती आणि काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार मानून काकूला शब्दालंकारात जागा दिली. राजशेखराला हे पटले नाही. 'काव्यमीमांसे'त त्याने असे प्रतिपादिले की, काकु हा अभिप्रायाने युक्त असा पाठाचा धर्म आहे; तो अलंकार कसा होईल? हा वाद परिभाषेचा वाटतो, पण तो तसा नाही. काकु शब्दात आहे की वाचण्यात आहे, असा तो वाद आहे. शब्दात असेल तर लिहिलेल्या पानावर ती टिकली पाहिजे. वाचण्यात असेल तर प्रत्येक वाचक ती नव्याने निर्माण करणार, आणि चुकीचीही निर्माण करणार. माझ्या मते येथे राजशेखराचीच बाजू बळकट आहे, आणि विरामचिन्हांचे सगळे किस्से त्याच्या बाजूचे साक्षीदार आहेत.

राजशेखर एवढ्यावर थांबत नाही. काकूचे तो साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन भेद करतो. जिला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्या वाक्याची अपेक्षा आहे ती साकांक्ष. तिचे तीन प्रकार: आक्षेपगर्भ, प्रश्नगर्भ आणि वितर्कगर्भ. निराकांक्ष काकूचेही तीनच: विधिरूप, उत्तररूप आणि निर्णयरूप. आणि हे दोन गट समोरासमोर उभे आहेत. तेच वाक्य एका काकूने म्हटले तर आक्षेप, दुसऱ्या काकूने म्हटले तर विधी. एका स्वरात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर. एकात वितर्क, दुसऱ्यात निर्णय. 'जेवलास' ह्या एका शब्दाचा आपण वर जो विचार केला तो ह्या कोष्टकात नेमका बसतो. आजचे प्रश्नचिन्ह फार झाले तर साकांक्ष आणि निराकांक्ष ह्यांमधील भेद दाखविते. साकांक्षाच्या पोटातील तीन प्रकारांवर मात्र तोच एक आकडा टांगलेला असतो.

एकच वाक्य घेऊन हे पडताळून पाहता येईल: 'तो काय करणार?' भांडणाच्या भरात म्हटले तर हा आक्षेप. त्याच्याने काहीही होणार नाही, असा अर्थ. कामांची वाटणी करताना म्हटले तर हा प्रश्न. त्याच्याकडे कोणते काम द्यावयाचे? एकटे बसून, उद्याच्या काळजीने म्हटले तर हा वितर्क. कोण जाणे तो काय करील! चिन्ह तिन्ही ठिकाणी एकच. विनोद होतो तो एका खोलीतील वाक्य दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले म्हणजे. मौखिक परीक्षेत परीक्षक 'ह्यात नवीन काय आहे?' असे म्हणतो आणि विद्यार्थी नावीन्याची यादी सांगू लागतो. विद्यार्थ्याने आक्षेपाला प्रश्न मानले. उलट एखाद्या परीक्षकाला खरोखरच जाणून घ्यावयाचे असते आणि विद्यार्थी खाली मान घालून गप्प बसतो; त्याने प्रश्नाला आक्षेप मानले. दुसरा प्रसंग पहिल्याइतका हास्यकारक नाही, पण तो अधिक वेळा घडत असावा. 'काय म्हणता?' हे मराठीत क्षेमकुशल विचारण्याचे वाक्य आहे, आश्चर्याचा उद्गार आहे, आणि ऐकू न आल्याची कबुलीही आहे. थोडे कमी ऐकू येणारा सज्जन दारात भेटला म्हणजे ह्या तिन्हींची सरमिसळ होऊन अर्धा तास जातो.

आपल्या विद्यापीठीय व्यवहारातील एक उदाहरण तर दररोज डोळ्यांसमोर असते. 'प्रश्नपत्रिका' ह्या नावाच्या कागदावर कित्येकदा एकही प्रश्नचिन्ह नसते. 'सविस्तर चर्चा करा', 'टीपा लिहा', 'सोदाहरण स्पष्ट करा' – सगळे आज्ञार्थ. 'हे विधान कितपत योग्य आहे?' असे एखादे प्रश्नचिन्हाने अलंकृत वाक्य आलेच तर चतुर विद्यार्थी ओळखतो की ते बहुतेक योग्यच आहे. राजशेखराच्या भाषेत हा निर्णय प्रश्नाच्या वेषात आला आहे. सरकारी 'कारणे दाखवा' नोटिशीत ह्याच्या उलट: 'का केलेस?' हा प्रश्न तेथे आज्ञेच्या वेषात येतो. वेष आणि काकु ह्यांची अशी फारकत ज्या भाषिक समाजात नित्य चालते, त्याने एका वळणदार चिन्हावर विसंबून राहावे हेच आश्चर्य आहे.

नाट्यवाङ्मयात काकूचे मोल अधिक स्पष्ट होते. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकाच्या पहिल्या अंकात, पाच गावांवर संधी करावयास निघालेल्या युधिष्ठिरावर भीम संतापतो. त्याच्या त्या श्लोकातील वाक्ये शब्दशः नकारार्थी आहेत: मी कौरवांचा संहार करणार नाही, दुःशासनाचे रक्त पिणार नाही, दुर्योधनाच्या मांड्या फोडणार नाही. संतापाची काकु वगळून सपाट स्वरात हा श्लोक वाचला तर भीमासारखा शांततावादी पुरुष महाभारतात दुसरा सापडणार नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काकूने आक्षिप्त होणाऱ्या अर्थाचे उदाहरण म्हणून हाच श्लोक घेतला, तो योग्यच होता. मराठी भाषांतरकाराला येथे निवड करावी लागते. 'करणार नाही?' असे चिन्ह द्यावे, 'करणार नाही की काय!' असा शब्द घालावा, की वाक्य उलटवून 'करीनच' म्हणावे? पहिल्यात मूळची धार राहते पण नटाने चूक केली तर सगळे जाते. तिसऱ्यात अर्थ सुरक्षित राहतो आणि भीम साधा होतो.

देवलांच्या 'संशयकल्लोळा'त गैरसमजांचा डोलारा एका तसबिरीवर उभा आहे, हे सर्वश्रुत आहे. मूर्च्छित रेवतीला सावरणारा फाल्गुनराव कृत्तिकेच्या दृष्टीस पडतो, रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती तिच्या हातात पाहून फाल्गुनराव पेटतो. मर्फीच्या ज्या इंग्रजी सुखात्मिकेवरून हे कथानक आले, तिच्या मुळाशी मोलिएर आहे. तेव्हा तसबीर परकीय आहे असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु नाटक मराठी झाले आहे ते संशयी माणसाच्या प्रश्नांमुळे. फाल्गुनराव जे विचारतो त्याचे उत्तर त्याने आधीच ठरविलेले असते. त्याचा प्रश्न आरोप असतो. ऐकणारी व्यक्ती भोळेपणाने त्याला प्रश्न समजून उत्तर देते, आणि ते उत्तर आरोपाच्या साच्यात तंतोतंत बसते. प्रेक्षक हसतो तो ह्या दोन काकूंमधील अंतराला. हे नाटक वाचताना ते जितके हसविते त्याहून रंगभूमीवर कितीतरी अधिक हसविते, ह्याचे एक कारण हेच असावे: छापलेल्या पानावर आरोप आणि प्रश्न ह्यांना एकच चिन्ह मिळालेले असते.

ही उणीव युरोपीयांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री डेनम ह्या इंग्रज मुद्रकाने, उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नांसाठी उलट्या तोंडाचे प्रश्नचिन्ह वापरून पाहिले. ते सतराव्या शतकात मागे पडले. १८९९ साली अल्कांतेर द ब्राम ह्या फ्रेंच लेखकाने उपरोधासाठी वेगळे चिन्ह सुचविले. तेही रुजले नाही. ह्यात नवल नाही. उपरोध आहे असे चिन्हाने सांगावे लागले तर उपरोधाचा जीवच जातो.

भारतीय परंपरेत मात्र ह्याहून जुना आणि अधिक यशस्वी असा एक प्रयत्न आहे, आणि त्याकडे विरामचिन्हांच्या चर्चेत सहसा कोणी वळत नाही. तो म्हणजे प्लुताचा तीनचा आकडा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात, विश्वोत्पत्तीच्या वेळी ते खाली होते की वर होते असा विचार येतो, तेथे क्रियापदाचा स्वर तीन मात्रांचा उच्चारावयाचा असतो व पोथीत त्यापुढे ३ हा अंक लिहिला जातो. त्याच मंडलातील अरण्यानीच्या सूक्तातही असा एक प्लुत आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ह्या प्लुतांचे नियम दिले आहेत, आणि ते देताना विचार चालू असलेले वाक्य आणि प्रश्न ह्यांसाठी वेगवेगळी सूत्रे केली आहेत. नासदीय सूक्तातील दुसऱ्या प्लुतासाठी तर स्वतंत्र सूत्र आहे. म्हणजे राजशेखराने ज्याला वितर्क म्हटले तो प्रश्नाहून भिन्न आहे, हे पाणिनीला केवळ कळले होते असे नव्हे. त्याच्या कानाला ते ऐकू येत होते. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रश्नाच्या प्लुताचे एक सूत्र पाणिनीने प्रश्न आणि प्रत्युत्तर ह्या दोहोंसाठी मिळून केले आहे. विचारणाऱ्याने स्वर लांबवावा आणि सांगणाऱ्यानेही लांबवावा. ज्या संवादात दोन्ही पक्ष एकाच ताणात बोलतात तेथे गैरसमजाला जागा कमीच उरणार. आजचा मराठी कथाकार 'काऽऽय' किंवा 'होऽऽ का' असे अवग्रह घालून लिहितो, तो नकळत ह्याच परंपरेत आहे. अवग्रहाच्या जागी रोमन लिपीतील 'एस्' हे अक्षर बसवून छापण्याची जी रीत अलीकडे दिसते, तिच्याविषयी न बोललेले बरे.

भ्रमणध्वनीवरील संदेशांनी हा विषय पुन्हा ताजा केला आहे. तेथे बोलण्याचे मराठी लिहिले जाते, आणि बोलण्यातील चिन्हरहित प्रश्न जसेच्या तसे उतरतात. 'पोचलास', 'पैसे दिलेस', 'आई जेवली' – ही विधाने की प्रश्न, ते पाठविणारालाच ठाऊक. 'पैसे दिलेस' ह्याला 'धन्यवाद' असे उत्तर आले म्हणजे घोटाळा कळतो, तोवर वाणी दोनदा तगादा करून गेलेला असतो. 'हो का' हे दोन शब्द तर विनाचिन्ह पाठविणे धोक्याचे आहे. कौतुक, अविश्वास आणि तुटकपणा ह्यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा हे वाचणाराच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर राहते. दुसऱ्या टोकाला तीन-तीन प्रश्नचिन्हे लावणारे आहेत. त्यांच्या साध्या चौकशीलाही दरडावणीचे रूप येते. येथे मोडीचा अनुभव आठवतो. चिन्हे नसलेल्या त्या पत्रव्यवहाराने उत्तराची अपेक्षा शब्दांनी सांगितली: 'उत्तर पाठवावे', 'लिहून कळवावे'. आज शब्दही गेले आणि चिन्हही गेले.

मोडी पत्रांच्या उल्लेखाने आपण मूळ चिंतेकडे येतो. त्या पत्रांच्या शेवटी 'बहुत काय लिहिणे' हे वाक्य ठरीव असते. रूपाने ते प्रश्न आहे; काकूने आक्षेप आहे; व्यवहारात तो पत्र संपल्याचा शिक्का आहे. नवा संपादक त्यापुढे प्रश्नचिन्ह घालतो तेव्हा तो काहीतरी अर्थ सांगत असतो, दंड घालतो तेव्हाही सांगत असतो. एवढ्या ठिकाणी नुकसान नाही. पण अशीच निवड तो पत्राच्या मध्यभागी, 'त्यांनी कूच करावे का राहावे' किंवा 'आपण फौज पाठविणार' अशा धर्तीच्या वाक्यांपुढेही करतो. विधानाचा प्रश्न झाला तर दिलेल्या वचनाची विचारणा होते, आणि त्यावर इतिहासाचा एक परिच्छेद उभा राहतो. ते चिन्ह पत्रलेखकाचे नाही, छापणाराचे आहे, हे वाचकाला कोठेच सांगितलेले नसते.

महानुभाव वाङ्मयाची गोष्ट ह्या बाबतीत उद्बोधक आहे. 'लीळाचरित्र' हा संवादाने भरलेला गद्यग्रंथ. त्याच्या पोथ्यांत अवतरणचिन्हे नाहीत, प्रश्नचिन्हे नाहीत. ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा संपादकांनी तो आधुनिक वाचकाच्या हाती दिला, हे त्यांचे उपकारच आहेत. पण ह्या संप्रदायाने स्वतः जे केले ते अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. चक्रधरांची वचने प्रसंगांतून वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध झाला. वेगळे काढलेले वचन कोणत्या प्रश्नाला उत्तर होते, ते बोलताना स्वर कोणता होता, हे त्यातून गळले. ही गळती परंपरेच्या लक्षात आली, आणि प्रत्येक सूत्र कोणाला, कोठे, कोणत्या निमित्ताने सांगितले हे नोंदविणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथप्रकार निर्माण झाला. चिन्हाने जे साधले नसते ते त्यांनी प्रसंग सांगून साधले. अभंगांच्या छापील गाथांना असा प्रकरणवश नाही. संतांच्या पुष्कळशा पंक्ती देवाला विचारलेल्या आहेत. त्यांतील कोणती तक्रार, कोणती विचारणा आणि कोणती स्वतःशीच केलेली घालमेल, हे ठरविणे हाच अभंगाच्या वाचनाचा निम्मा भाग आहे. तेथे संपादकाने सरसकट एकच प्रश्नचिन्ह छापले म्हणजे आक्षेप, प्रश्न आणि वितर्क ह्या तिन्हींचा निकाल वाचकाने पान उघडण्यापूर्वीच लागतो. विठ्ठलाशी केलेले भांडण नम्र चौकशीसारखे वाचले जाते.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पोथी किंवा मोडी पत्र उतरविताना निदान दोन पथ्ये पाळावीत. पहिले: मूळचा दंड आणि स्वतः घातलेले चिन्ह वेगळे दिसले पाहिजे; चौकोनी कंसाने हे सहज साधते. दुसरे पथ्य कंसातील प्रश्नचिन्हाविषयी आहे. पाठ संशयित असला म्हणजे संपादक शब्दापुढे '(?)' असे लिहितो. वादविवादाच्या लेखनात हेच चिन्ह 'विद्वान(?)' असे टोमणा मारण्यासाठी येते. एकाच प्रबंधाच्या एकाच पानावर ही दोन्ही आढळतात, आणि लेखकाला अक्षर लागले नाही की प्रतिपक्षाची विद्वत्ता मान्य नाही, हे वाचणाराला कळत नाही. संशयित पाठाचे चिन्ह चौकोनी कंसात घालावे. टोमण्याचे गाळावे.